मदत हवी आहे: औषधांच्या राउंडमधले व्यत्यय आणि सिस्टरांचा थकवा, अभ्यासाची आखणी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी एका शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे आणि सध्या एम.एस्सी. नर्सिंग करते आहे. प्रबंधाचा आराखडा लवकरच एथिक्स कमिटीपुढे जायचा आहे. इथे नर्सिंग, पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) आणि संख्याशास्त्रातले जाणकार नियमित लिहितात, म्हणून सविस्तर विचारते.

विषय सकाळच्या औषधांच्या राउंडचा आहे. सिस्टर ट्रॉली घेऊन निघते आणि तिसऱ्या खाटेपर्यंत पोचायच्या आत हाका सुरू होतात. सलाईन संपलं, सोनोग्राफीला न्यायला मामा (वॉर्डबॉय) आलेत, केसपेपर कुठंय, फोन वाजतोय, सरांचा राउंड आला, मावशींना (आयांना) इंडेंटवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, सही हवी. हातात भरलेली सिरिंज असताना हे सगळं चालतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी असं म्हटलंय. आमच्या वॉर्डात काय स्थिती असते हे शासकीय रुग्णालयात काम केलेल्यांना सांगायला नको.

सिडनीतल्या दोन रुग्णालयांत संशोधक वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी 98 परिचारिकांचं निरीक्षण केलं होतं. 2010 साली आलेल्या त्या निष्कर्षांत, एकेका व्यत्ययाबरोबर पद्धतीतल्या चुका 12.1 टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष औषधाच्या चुका 12.7 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. दुसरीकडे लिंडा एकन यांचा पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा 2002 चा अभ्यास आहे. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची (कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची) 23 टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. रुग्णाची सुरक्षितता आणि सिस्टरची तब्येत वेगवेगळ्या प्रबंधांत मोजू नये असं मला वाटतं, ते यामुळेच.

गाइड मॅडमचा सल्ला आहे की ‘व्यत्यय आणू नका’ असं लिहिलेले लाल ॲप्रन द्यावेत आणि आधी-नंतर व्यत्यय मोजावेत. करायला सोपं आहे. पण वेस्टब्रुक यांच्याच गटाने आठ वॉर्डांपैकी चारांत असं जॅकेट वापरून पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. त्या चार वॉर्डांत औषधाशी संबंध नसलेले व्यत्यय दर 100 डोसांमागे 50 वरून 34 वर आले. तरीही हे कायमचं धोरण व्हावं असं म्हणणाऱ्या परिचारिका निम्म्याहूनही कमी होत्या. जॅकेट गरम होतं, काम लांबतं, ही त्यांची तक्रार होती. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली उभं राहूनही घाम निघतो! शिवाय नातेवाइकांनी विचारायचं कुणाला? त्यांची काळजी खरी असते.

म्हणून मला उपाय वॉर्डातल्या सिस्टरांकडूनच ठरवून घ्यायचा आहे. त्या तासाला फोन आणि नातेवाईक एकीने सांभाळायचे, इंडेंट आधी उरकायचा, नातेवाइकांना भेटायची वेळ दारावर लिहायची, असं काहीतरी. मग व्यत्यय आणि थकवा दोन्ही मोजायचे.

अडचणी तीन आहेत. थकवा मोजायला मास्लाक यांची 22 प्रश्नांची प्रश्नावली सगळे वापरतात, पण तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. कोपनहेगन प्रश्नावली 19 प्रश्नांची आणि विनामूल्य आहे. तिचा मराठीत तपासलेला अनुवाद कुणी वापरला आहे का? दुसरं, मला फक्त चार वॉर्ड मिळतील. दोघांत उपाय, दोघांत नाही, असं चालेल? तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त छळते आहे. निरीक्षण करताना चूक दिसली तर नाव कुठवर जाईल? माझ्या अभ्यासापायी एखाद्या सिस्टरला मेमो मिळाला तर मला ते सहन होणार नाही.

प्रतिसाद 1

मी वैद्यकीय संख्याशास्त्र शिकवतो. ताई, दोन विरुद्ध दोन वॉर्ड ही तुलना टिकणार नाही. जो फरक दिसेल तो उपायाचा की त्या वॉर्डाच्या इनचार्जचा, हे कसं सांगणार? एका वॉर्डातले डोस एकमेकांपासून स्वतंत्रही नसतात. समजा वॉर्डामागे 50 डोस पाहिले आणि वॉर्डांतर्गत सहसंबंध (एकाच वॉर्डातले डोस एकमेकांसारखे असण्याचं प्रमाण) 0.02 धरला, तर डोसांच्या संख्येला 1 + 49 × 0.02 म्हणजे जवळपास 2 ने भागावं लागतं. 200 डोस मोजूनही वजन साधारण 100 डोसांचंच.

चारही वॉर्डांना उपाय द्या, पण एकामागून एक, आणि कोणाची पाळी आधी ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रत्येक वॉर्डात आधी आणि नंतर अनेक आठवडे मोजमाप ठेवा. निरीक्षक उभा आहे म्हणून पहिले काही दिवस सगळेच जपून वागतात, ते दिवस हिशेबात धरू नका. मुख्य मोजमाप ‘दर 100 डोसांमागे व्यत्यय’ हेच असू द्या. चुका पकडायला फार मोठा नमुना लागतो. शीर्षकात ‘व्यवहार्यता अभ्यास’ म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि उपाय देणार आहात, तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करा. ती विनामूल्य आहे, पण 1 एप्रिल 2018 पासून मागाहून होत नाही.

प्रतिसाद 2

सिस्टर, मी अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर बोलते. अभ्यासातली माहिती कोणत्याही कारवाईसाठी मागितली जाणार नाही, असं अधीक्षक आणि मेट्रन दोघांकडून आधी लेखी घ्या आणि तो कागद एथिक्स कमिटीच्या अर्जाला जोडा. तोंडी शब्दावर राहू नका, माणसं बदलतात. निरीक्षणाच्या कागदावर फक्त कोड नंबर. रुग्णाला धोका दिसला तर अर्थातच तिथल्या तिथे थांबवायचं, आणि पुढे रुग्णालयाची नेहमीची पद्धत. ही गोष्ट संमतिपत्रात साध्या मराठीत लिहा, म्हणजे कुणाला फसवल्यासारखं वाटणार नाही.

थकव्याची प्रश्नावली मेट्रन ऑफिसमार्फत कधीही वाटू नका. इनचार्जच्या टेबलावर बसून कोण खरं लिहील? बंद पेटी ठेवा, नाइटच्या मुलींपर्यंत स्वतः जा. कुणाची उत्तरं वाचून काळीज हललं तरी निनावी कागदावरून तुम्ही तिला शोधू शकणार नाही, म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येक प्रश्नावलीवर छापाच. आणि उपाय ठरवायच्या बैठकीला मामा-मावशींना बोलवा. निम्म्या हाका त्यांच्यामार्फत येतात.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आराखडा पायरीपायरीने चारही वॉर्डांचा करते आणि लेखी हमीचा मसुदा उद्याच मॅडमना दाखवते. मामा-मावशींचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, तो आता घेते.

एक शंका उरलीच. आमच्याकडे सिस्टरांच्या वॉर्ड-बदल्या अधूनमधून होतात. उपाय सुरू झालेल्या वॉर्डातली सिस्टर न झालेल्या वॉर्डात गेली तर तिची प्रश्नावली कोणत्या गटात धरू? आणि कोपनहेगनचा मराठी अनुवाद कुणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नसेल तर दोघांकडून मराठीत, दुसऱ्या दोघांकडून उलट इंग्रजीत, असा अनुवाद करून घ्यावा लागेल. मराठी-इंग्रजी दोन्ही उत्तम असलेलं आणि वॉर्डात काम केलेलं कुणी मदतीला तयार आहे का?