शब्दचर्चा: ऑपेरेटा म्हणजे ‘छोटा ऑपेरा’ का?

एका लेखाच्या भाषांतरात ‘ऑपेरेटा’ हा पाश्चात्त्य संगीतनाट्यातला शब्द आलाय. कुणीतरी ‘लघुसंगीतिका’ सुचवलं. पण लेख ज्या ‘डी फ्लेडरमाउस’ या ऑपेरेटाबद्दल आहे तो चांगला तीन अंकी आहे. मग लघु कसा? सरळ ‘संगीत नाटक’ लिहू का?

— ‘लघु’ नका लिहू. इटालियनमधला ‘एत्ता’ हा प्रत्यय आपल्या ‘इका’सारखाच: पुस्तक-पुस्तिका, नाटक-नाटिका. पण संस्कृत नाटिका तरी कुठे लहान असते? हर्षाची ‘रत्नावली’ चार अंकी आहे. शृंगार, गाणं-नाचणं, अंतःपुरातली लपवाछपवी यांमुळे ती नाटिका ठरते. लांबी नव्हे, प्रकृती वेगळी.

ऑपेरेटाची सुरुवात मात्र लांबीपासूनच झाली. संगीतकार ऑफेनबाखनं १८५५ मध्ये पॅरिसला आपलं इवलंसं थिएटर उघडलं तेव्हा परवान्यानं त्याला रंगमंचावर मोजकीच पात्रं आणता येत. म्हणून छोट्या एकांकी, आणि त्यांना ‘ओपेरेत’ हे फ्रेंच नाव. मोठ्या कृतींना तो ‘ऑपेरा बूफ’ (विनोदी ऑपेरा) म्हणे. पुढे व्हिएन्नात ‘ऑपेरेटा’ हे नाव मोठ्या खेळांनाही लागलं. संगीतकार योहान श्ट्राउस (धाकटा) याचा ‘फ्लेडरमाउस’ १८७४ मध्ये रंगमंचावर आला तो तीन अंकी ऑपेरेटा म्हणूनच.

— म्हणजे ‘हलका ऑपेरा’ म्हणावं?

— ‘हलकाफुलका’ म्हणा, ‘हलका’ नको. मराठीत ‘हलका’ लगेच दर्जाला चिकटतो, आणि तो ऑपेरेटाच्या गायकांवर अन्याय आहे. याच ‘फ्लेडरमाउस’च्या दुसऱ्या अंकात मोलकरीण आडेले मालकिणीचा झगा चोरून घालते आणि मेजवानीला येते. मालक तिथेच! ‘ही अगदी आमच्या मोलकरणीसारखी दिसते’ म्हणतो. ती त्याला गाण्यातून हसते, आणि ते हसू श्ट्राउसनं सुरांत बांधलंय. एकेक ‘हा’ सुटा, नेमक्या सुरावर, आवाज वर चढत जाताना. पट्टीची गायिका नसेल तर ते हसू उभंच राहत नाही. तिसऱ्या अंकातला दारू प्यायलेला जेलर फ्रॉश मात्र गातच नाही. ते काम विनोदी नटाचं, आणि तो त्या-त्या गावचे ताजे विनोद पदरचे घालतो.

— मग गद्य संवाद आणि मधे पदं, हे तर आपलं संगीत नाटकच की!

— बांधणी तीच, हे खरं. ‘सौभद्र’ तर खेळकरपणातही जवळचं. पण ‘एकच प्याला’ही संगीत नाटकच आहे ना? आपल्याकडे ‘संगीत’ हे विशेषण शोकांतिकेलाही लागतं. ऑपेरेटा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात वॉल्ट्झ नाचाचं संगीत, वेषांतर, प्रेमातली फसवाफसवी येते. ‘संगीतिका’ हा रूपानं सगळ्यात चपखल शब्द होता, पण तो मराठीत मोठ्या ऑपेरासाठीच रूढ झाला. आता त्याची ओढाताण नको.

माझं मत: पहिल्यांदा ‘ऑपेरेटा हा खेळकर संगीतनाट्याचा प्रकार’ असं लिहा, पुढे नुसतं ‘ऑपेरेटा’. पुल्लिंगी. आणि ‘ऑपेरेट्याचा’ करू नका. आपण ‘ऑपेराचा’ म्हणतो, ‘ऑपेऱ्याचा’ नाही, तसंच ‘ऑपेरेटाचा’, ‘ऑपेरेटात’.