नुसता व्हीसीडी प्लेअर नको

आईंना जुन्या नाटकांच्या व्हीसीडी बघायला स्वस्तातला प्लेअर हवा, असं तुम्ही विचारलंय. साधा डीव्हीडी प्लेअरच घ्या, त्यावर व्हीसीडीही चालतात. व्हीसीडीतलं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. मोठ्या टीव्हीवर ते फुटणारच, त्यात प्लेअरचा दोष नाही. टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लागतात का ते आधी बघा, नसतील तर एचडीएमआयवाला घ्यावा लागेल.

आणि दुकानात घरातली चरे पडलेली सीडी घेऊन जा, तिची शेवटची पाच मिनिटं लावून बघा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आमचा पहिला प्लेअर सुरुवातीला झकास चालायचा आणि नाटक ऐन रंगात आलं, की कडेजवळ अडखळायचा. फार चिडचिड व्हायची हो!