बारा पानं, आठदा वाढप : शेफसमोरच्या जेवणाचा अनुभव धागा

वाड्याच्या सोप्यात, शेतघरात किंवा गच्चीवर एका संध्याकाळीपुरतं टेबल मांडायचं, दहा-बारा माणसं बसवायची, मेनू आपणच ठरवायचा आणि शेफनं समोर उभं राहून एकेक पदार्थ वाढायचा. सांगली-साताऱ्याकडं असा बेत केलेल्यांनी, त्यात वाढलेल्यांनी आणि जेवलेल्यांनी इथं लिहा. 'लई भारी झालं' एवढ्यानं भागणार नाही. ग्रॅम लिहा, मिनिटं लिहा, काय बिघडतं आणि का, ते लिहा.

कराड, शेगडीजवळून

पहिला घोळ मापाचा. पेयं सोडून माणशी 450 ते 550 ग्रॅम अन्न पुरे. सुरुवातीचे दोन घास वीस-वीस ग्रॅमचे, मधले चार पदार्थ साठेकचे, मुख्य पदार्थ भात किंवा भाकरीसकट 120, गोड 60. नेहमीच्या वाटीनं वाढलं तर पाचव्या पदार्थालाच लोक मागं सरकतात आणि मटण ताटलीत तसंच राहतं.

दुसरा घोळ कुणाच्या लक्षातच येत नाही. आपली प्रत्येक भाजी ताटासाठी बेतलेली असते. तिचं मीठ, तिखट, तेल हे सगळं भाकरीवर आणि भातावर जायचं असतं. तीच भाजी सुटी करून वाटीत दिली की खारट आणि जहाल लागते, आणि पाहुणा समजतो शेफचा हात जड आहे. भाकरीबरोबरच्या रश्श्याला किलोमागे 14-15 ग्रॅम मीठ चालतं. तोच नुसता प्यायला द्यायचा तर 9-10. कांदा-लसूण चटणी नेहमीच्या मापाच्या निम्म्याहून थोडीच जास्त. तिखट एका घासात कळत नाही, ते साठत जातं. म्हणून लागोपाठ दोन तिखट पदार्थ नकोत, मध्ये दह्याचं किंवा थंड काहीतरी हवं.

तर्रीचं वेगळंच. पातेल्यातून पळीनं वाढलं तर पहिल्या तीन वाट्या सगळी तर्री घेऊन जातात, शेवटच्या तिघांना नुसतं पाणी. आधी तर्री काढून बाजूला ठेवा, खालचा रस्सा वाढा, मग प्रत्येक वाटीवर अर्धा चहाचा चमचा सोडा. अरुंद वाटीत तेलाचा थर जाड बसतो, तिथं त्याहूनही कमी. पांढरा रस्सा देणार असाल तर 60 मिलीच्या छोट्या पेल्यात. नारळाचं दूध शेवटी घाला आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नका, फाटतं.

मिरज, नावनोंदणी बघणारी

'कशाची ॲलर्जी आहे का' असं विचारलं की सगळे 'नाही' म्हणतात. 'शेंगदाण्याचा कूट चालतो का' असं विचारा. आपल्याकडं भरल्या वांग्यापासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात कूट असतो, आणि ज्याला चालत नाही तो तेव्हाच बोलतो.

सांगली-मिरजेत जैन पाहुणे असतातच. कांदा-लसूण नको एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण बटाटा, गाजर, आलं, ओली हळद हेही कंदच. काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. बारांत असे तिघे असले तर आठची पंगत सूर्यास्ताआधी संपेल अशी अलीकडं आणा. निम्म्या टेबलाला आधी आणि निम्म्याला नंतर वाढणं जमत नाही. वार पण बघा. संकष्टीला, गुरुवारी, शनिवारी मटणाचा मेनू ठेवला तर खुर्च्या भरत नाहीत.

पैसे पूर्ण आगाऊ घ्या. माणशी 1800 धरले तर बारांचे 21,600. दोघं ऐनवेळी आले नाहीत की 3600 गेले, आणि सामान तर आणून झालेलं असतं. आणि हो, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते.

सांगली, वाढपातून

बारा गुणिले आठ, म्हणजे 96 ताटल्या. एवढ्या विकत घेऊ नका. लहान ताटल्यांचे तीन संच आणि सतत धुणारं एक माणूस पुरतं. ते माणूस नसलं की सहाव्या पदार्थाला सगळं अडतं.

दोन पदार्थांत 12 ते 14 मिनिटं. वीसच्या पुढं गेलं की लोक पाणी पिऊन पोट भरतात, आठाच्या आत आणलं तर उरकल्यासारखं वाटतं. बारा ताटल्या मांडायला दोघांना चार मिनिटं लागतात, तेवढ्यात पहिली गार होते. म्हणून गरम पदार्थाच्या ताटल्या कढत पाण्यात बुडवून, पुसून घ्या. वाई-महाबळेश्वरकडं डिसेंबरात हे केलंच पाहिजे.

शेफचं बोलणं अर्ध्या मिनिटाचं असावं. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, 2005 च्या महापुरात त्यांत पाणी कसं शिरलं, हे सांगण्यासारखं आहेच. पण ते थंड पदार्थ वाढल्यावर. भाकरी हातात घेऊन इतिहास सांगू नये.

कराड, शेगडीजवळून

भाकरीचं सांगलीच्या वाढपातल्या ताईंनी बरोबर काढलं. शाळूची छोटी भाकरी 30 ग्रॅमच्या गोळ्याची, तळहाताएवढी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळं तव्यावरून उतरल्यावर पाच-सहा मिनिटांत वातड व्हायला लागते. आधी करून डब्यात ठेवण्याचा नाद सोडा. पीठ आठवड्याच्या आतलं, पाणी कढत, आणि मळायचं ते चार-चार भाकऱ्यांपुरतंच. जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, गेलेली असते, थापताना कडा फाटतात. दोन तवे, दोन बायका, तरच बारा भाकऱ्या एका वेळी टेबलावर गरम जातात.

कोरेगाव

वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मेनूवर त्याचं नाव मिरवतात. शिजवताना मात्र घाई करतात. आठ-दहा तास भिजवा, भिजवलेलं पाणी ओतून द्या, मग कुकरला लावा. हा राजम्याच्याच जातीचा. कच्चट राहिला किंवा मंद आचेवर कोमट-कोमट शिजवला तर पोट बिघडतं. निदान दहा मिनिटं खळखळून उकळला पाहिजे. टोमॅटो, चिंच, कोकम शिजल्यावरच; आंबट आधी पडलं की साल मऊ होत नाही. आंबटाचं हे अख्ख्या मसुरालाही लागू.

तासगाव

बेदाणा गरम पाण्यात धुऊन घ्या. वाळवायच्या आधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, पुढं गंधकाची धुरीही देतात. बासुंदीत न धुता टाकला तर तो वास येतो. धुतल्यावर वीस मिनिटं भिजवा. बाकी काही नाही.

सातारा

मधल्या थंड पदार्थासाठी दुकानातलं सरबत कशाला, उसाचा रस आहे की. रस काढला की हवेनं काळा पडायला लागतो, म्हणून गुऱ्हाळावरच भांड्यात लिंबू पिळून न्या. लिटरला दोन लिंबं आणि सातारी आल्याचा चमचाभर रस. जैन पाहुण्यांसाठी आलं न घालता वेगळा डबा. उथळ परातीत ओतून गोठवा, दर पाऊण तासानं काट्यानं खरवडा. साखर जास्त असल्यानं गोठायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळं हे दुपारी नको, सकाळीच लावा. वाढायच्या वाट्याही फ्रीजरमध्ये हव्यात, नाहीतर टेबलापर्यंत पुन्हा रस.

हळदीच्या पानात वाफवलेलं काही आणि ओल्या हळदीचं लोणचं, दोन्ही एकाच मेनूत लिहिलेलं दिसलं की हसू येतं. हिरवं पान पावसाळ्यापासून थंडीच्या तोंडापर्यंत. हळद काढायच्या वेळी, जानेवारीपासून पुढं, पाला वाळलेला असतो. एक निवडा.

वाई, लाइट बघणारा

दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी जवळपास नऊ अँपिअर ओढते. एका सॉकेटच्या लाइनवर दोन लावल्या आणि त्यातच फ्रीज सुरू झाला की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो, तोही नेमका मुख्य पदार्थाला. मुख्य शिजवणं गॅसवर ठेवा, इंडक्शन फक्त गरम ठेवायला.

धागा काढणारी

भडंगाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. दह्यावर किंवा रश्श्यावर कुरकुरीतपणासाठी भडंग घालतात आणि स्वयंपाकघरातूनच घालून पाठवतात. दोन मिनिटांत मुरमुरे ओल धरतात आणि ओल्या कागदासारखे लागतात. भडंग वेगळ्या वाडग्यात टेबलावर न्यायचा आणि पाहुण्याच्या समोर, त्यानं चमचा उचलल्यावर, वरून एक मूठ.