जेवणाचे आवाज ज्यांना सहन होत नाहीत, त्यांनी इथे लिहा

बाबा कढीचा भुरका मारतात आणि माझ्या मुठी वळतात. बारा-तेरा वर्षांची होते तेव्हापासून हे सुरू आहे. छाती धडधडते, भरल्या ताटावरून उठून जावंसं वाटतं. लग्नाच्या पंगतीत शेजारचं अनोळखी माणूस मचमच करत असलं तर एवढं होत नाही. बाबांचं आणि धाकट्या भावाचं मात्र ऐकवतच नाही. कान तपासून घेतले, ठणठणीत निघाले.

याला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव २००१ साली जास्ट्रेबॉफ या संशोधक दांपत्यानं दिलं. २०१७ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातले सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले. नको ते आवाज कानावर पडताच मेंदूतला इन्सुला हा भावनांशी जोडलेला भाग त्यांच्यात फार जास्त चेतताना दिसला. हे वाचलं त्या रात्री मी खूप रडले. इतकी वर्षं मला वाटायचं, माझा बाबांवर जीवच नाही.

तुमच्याकडे कसं आहे?

एक सून, दारव्ह्याकडची
मामाजींना दात नाहीत, भाकर दुधात कुस्करून खातात. सून पानावरून उठली की काय बोलतात ते तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात सगळं बुडून जातं, तेव्हा मी सगळ्यांसोबत बसून जेवते. हिवाळ्यात घर चिडीचूप. मग मी शेवटपर्यंत चुलीपाशीच भाकरी थापत बसते.

होस्टेलवर राहणारी
समोरची चिवडा खाते तेव्हा मी तिच्या तालावर तोंड हलवते. त्यानं थोडं कमी होतं. आणखी कोणी असं करतं का?

वावरातला माणूस
मले वाटे, मीच एकटा असा. कापूस वेचताना दुपारी लिंबाखाली शिदोरी सुटली की मी बैलाले पाणी पाजाच्या निमित्तानं विहिरीवर जातो. एक दिवस मायनं इचारलं, "काऊन रे, माह्या हातचं गोड नाई लागत का तुले?" काही बोलता आलं नाही. काल हे वाचलं अन् तिले सारं सांगतलं. तिनं ऐकून घेतलं. आज तिनं माही भाकर येगळी बांधली, अन् सोता धुऱ्याच्या पलीकडं जाऊन बसली. मी इकडून पायत होतो. तिले एकटं जेवाची सवय नाई.