मदत हवी आहे: भाचीला बसवलेली किडनी निकामी झाली, पुढे काय?

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातले. भाची 11 वर्षांची. ताईने तिला स्वतःची किडनी दिली होती. बायोप्सीत रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) निघालं, आता पुन्हा डायलिसिस सांगितलंय.

टॅक्रोलिमस (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) एकदम बंद करू नका, असं डॉक्टर बजावतात. एकदम सोडलं तर ती किडनी सुजून ताप, दुखणं, लघवीतून रक्त असं होऊ शकतं. शिवाय अंगात अँटीबॉडी वाढल्या की दुसरी किडनी जुळणं अवघड. म्हणूनच हिमोग्लोबिन कमी असूनही रक्त चढवणं शक्यतो टाळतात, हिमोग्लोबिन वाढवायच्या इंजेक्शनवर भागवतात. हे पटतं. पण याच गोळ्यांनी इन्फेक्शनचा धोका राहतो, त्याचीच धास्ती आहे. तुमच्या लेकराच्या गोळ्या कशा कमी करत नेल्या?

पोटाचं डायलिसिस (नळीतून पोटात औषधी पाणी सोडून रक्त साफ करणं) घरीच करावं असं मनात आहे. शाळा बुडणार नाही, हाताच्या नसाही पुढच्यासाठी वाचतील. पण घर पत्र्याचं, उन्हाळ्यात पाणी टँकरचं. हाताने त्या पाण्याच्या पिशव्या बदलायला लाइट लागत नाही, हे बरंय. खेड्यात राहून कुणी निभावलंय का? खोली, हात धुणं, पिशव्या ठेवणं कसं जमवलं?

दाजींचा रक्तगट जुळत नाही. आजीला कायद्याने देता येते, पण तिला शुगर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणारी समिती) यादीत दुसऱ्यांदा नाव लावलेलं कुणी असेल तर कागदपत्रं सांगा.

ताई सारखी म्हणते, माझीच किडनी कमी पडली. आमचं ऐकत नाही. यातून गेलेली एखादी आई तिच्याशी फोनवर बोलेल का?