मदत हवी आहे : प्रवासाच्या ॲपची चाचणी घ्यायची कुणावर?

मुंबईत लोकल, मेट्रो आणि बेस्ट जोडून मार्ग सुचवणाऱ्या एका ॲपची नव्याने मांडणी करतोय. घोडं अडलंय ते संशोधनात.

रोजचे प्रवासी ‘आम्हाला सगळं पाठ आहे’ म्हणतात, आणि ते खरंही असतं. कल्याणहून अंधेरीला जाताना घाटकोपरला मेट्रो धरायची की दादरला गाडी बदलायची, हे ते गर्दी बघून ठरवतात. ॲप फक्त मिनिटं मोजतं. गूगल फॉर्म फिरवला, तर उत्तरं मित्रमंडळींचीच आली. घरी निवांत बसवून प्रोटोटाइप (ॲपचा कच्चा नमुना) दिला, तर सगळे सर्वात कमी वेळेचा पर्याय निवडतात. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर तसं कोण वागतं?

मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत चाचणी हवी. बजेट जेमतेम, फलाटावर चित्रीकरण करायचं नाही. आडाखे बांधून डिझाइन करायचं नाहीये, म्हणून सर्वेक्षणाच्या लिंक नकोत. अशी चाचणी प्रत्यक्ष केलेल्यांचा अनुभव हवा.

अनोळखी मार्गावर पहिल्यांदा निघालेली माणसं गाठायची कुठे? आणि त्यांच्यासोबत प्रवास करून निरीक्षण करावं, की उतरल्यावर लगेच व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मागवावी?