बाहेरचं जेवण की घरचा स्वयंपाक? तुमचा हिशोब सांगा

सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढली आणि ऐन सणात तेलाचा पुडा महागला, तेव्हापासून मी वाणसामानाची वही ठेवतेय. आम्ही चौघं, ठाण्यात. वरण-भात, पोळ्या, भाजी, कोशिंबीर असं चौघांचं जेवण गॅस धरूनही हॉटेलातल्या एका थाळीच्या पैशात होतं. पण माझा वेळ त्यात कुठेच धरलेला नाही. तुमचं कसं चाललंय, आकड्यांसकट लिहा.

---

मी एकटा, वाकडला. एकट्याला घरी करणं वाटतं तेवढं स्वस्त नाही, कोथिंबीर सडते, दूध नासतं, एक फ्लॉवर आणला की चार दिवस तोच. आता पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणतो आणि उसळ-भात घरी कुकरला लावतो. अ‍ॅपवरून मागवणं बंद, 180 ची भाजी पॅकिंग, डिलिव्हरी, बाकीच्या फिया धरून अडीचशेच्या वर जायची.

---

मी सांगलीत मेस चालवते, आमची बाजू पण ऐका. घरचा 14.2 किलोचा सिलेंडर मेसला चालत नाही, 19 किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो आणि त्याचा भाव बहुतेक दर एक तारखेला बदलतो. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला तेव्हा आमटीत चिंच घातली, पण मेसचा दर असा मधेच वाढवता येत नाही, पोरं घरून ठरलेलेच पैसे आणतात. मग भाजीत बटाटा वाढतो, पनीर एक रविवार सोडून होतं. डाळ मात्र मी पातळ करत नाही, वाढत्या वयाची पोरं आहेत ती. घरच्यासारखं पाहिजे आणि दर जुनाच पाहिजे, हे दोन्ही कसं जमणार सांगा.

---

वडील सिव्हिलला अ‍ॅडमिट होते तेव्हा शिवभोजन थाळीवर दिवस काढले, 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तिथे घरचं की बाहेरचं हा प्रश्नच नव्हता.

---

ठाण्याच्या ताई, वेळेचं बोललात ते अगदी खरं. आम्ही दोघंही नोकरीला, पोळ्यांना मावशी येतात, त्यांचा पगार धरला तरी बाहेरपेक्षा कमीच पडतं. भाजी मी रात्री चिरून ठेवतो, सकाळी ही फोडणीला टाकते. बाहेर गेलोच तर घरी जमत नाही तेच खातो, दालफ्राय आणि जीरा राइसला तीनशे द्यायला जीव होत नाही.